दिवाळीच्या रात्रीचा तो फोटो आणि तीन मालकांचा एक उपग्रह

सांजवारा

दर दिवाळीला व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरतो. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके, आणि खाली ओळ: 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत'. यंदा माझ्या मावशीने पाठवला. हा दिवाळीचा नाही असं मी तिला सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, "मग कशाचा आहे?" ते सांगता सांगता अर्धा तास गेला. उपग्रहांकडून येणारी हवामानाची माहिती हे माझं रोजचं काम आहे आणि या गोष्टीत माझा जीव अडकलेला आहे, म्हणून इथे नीट लिहून काढते.

त्या फोटोतले रंग म्हणजे वर्षं आहेत. 'नोआ' या अमेरिकेच्या नागरी हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये ते चित्र बनवलं. १९९२ च्या आधीपासून दिवे होते तो भाग पांढरा, १९९२ मध्ये दिसू लागलेले दिवे निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. वस्ती कशी पसरत गेली ते दाखवणारं चित्र. पणत्या आणि आकाशकंदिलांनी पडणारा फरक अवकाशातून जवळजवळ कळतच नाही.

पण ज्या उपग्रहांनी ते दिवे टिपले, ते अमेरिकेच्या लष्कराचे होते. डीएमएसपी ही त्यांची हवामान उपग्रहांची मालिका १९६२ पासूनची. गरज अगदी सरळ होती. तेव्हाचे हेर उपग्रह फिल्मवर फोटो काढायचे आणि ती फिल्म कुपीत घालून पृथ्वीवर परत टाकायचे. खाली ढग असले की महागडी फिल्म ढगांवरच संपायची. म्हणून ढग कुठे आहेत हे आधी बघून ठेवणारा वेगळा उपग्रह हवा होता. पुढे रात्री चांदण्यातही ढग दिसावेत म्हणून त्यावर अंधुक प्रकाश टिपणारा सेन्सर बसवला. चांदण्यातला ढग ज्याला दिसतो त्याला शहराचा दिवा दिसणारच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही माहिती गोपनीयतेतून बाहेर आली आणि नागरी शास्त्रज्ञांच्या हाती खजिना लागला.

त्याच काळात नागरी बाजूचे हवामान उपग्रहही उडत होते. १९६० चा टायरॉस-१ हा पहिला. पुढे नोआचे उपग्रह आणि लष्कराचे उपग्रह, दोन्ही ध्रुवावरून ध्रुवावर फिरणारे, दोन्ही ढग बघणारे, दोन्ही करदात्यांच्या पैशातून. हे एकत्र करा, असं अनेक वर्षं लोक म्हणत होते. शीतयुद्ध संपलं, खर्चाला कात्री लागली, आणि मे १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला: लष्कर आणि नोआ यांनी मिळून एकच उपग्रह मालिका बांधायची, नवं तंत्रज्ञान नासाने आणायचं. नाव एनपीओईएसएस. अर्धे पैसे लष्कराचे, अर्धे नोआचे. सहा उपग्रह. २०१८ पर्यंतचा अंदाजित खर्च साडेसहा अब्ज डॉलर.

कागदावर यात खोट काढायला जागा नाही. मी त्या वेळी असते तर मीही सही केली असती.

२००२ मध्ये कंत्राट दिलं गेलं. २००५ च्या अखेरीला खर्च २५ टक्क्यांहून जास्त वाढला आणि नन-मॅककर्डी कायदा लागू झाला. हा संरक्षण खरेदीचा कायदा आहे: प्रकल्पाचा खर्च अमुक मर्यादेपलीकडे गेला की तो देशासाठी अत्यावश्यक आहे असं संरक्षण खात्याने नव्याने प्रमाणित करायचं, नाहीतर बंद. जून २००६ मध्ये तसं प्रमाणपत्र मिळालं. सहाचे चार उपग्रह झाले, किंमत साडेबारा अब्ज झाली. आणि कात्री कुठे लागली? सूर्याकडून येणारी ऊर्जा मोजणारं उपकरण, समुद्राची उंची मोजणारं, हवेतले सूक्ष्म कण मोजणारं, अवकाशातल्या हवामानाचं. दीर्घ काळ एकसारखं मोजत राहायचं, तेव्हा कुठे हवामानबदल कळतो, अशी ही उपकरणं. त्यातली काही पुढे दुसऱ्या वाटांनी परत आणली गेली. पण त्या दिवशी निकष संरक्षण खात्याच्या कायद्याचा होता आणि त्या निकषात रोजचा अंदाज वर होता, वीस-तीस वर्षांची नोंद खाली.

तीन संस्थांच्या वरिष्ठांची एक कार्यकारी समिती होती. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था वर्षानुवर्षं एक गोष्ट लिहीत राहिली: संरक्षण खात्याच्या ज्या अधिकाऱ्याकडे खरेदीचा अंतिम अधिकार आहे, तोच या समितीच्या बैठकांना येत नाही. म्हणजे बैठक व्हायची, चर्चा व्हायची, आणि निर्णय मात्र त्या खोलीत नसलेल्या माणसाच्या टेबलावर जायचा. माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचं दुखणं त्या एका रिकाम्या खुर्चीत आहे.

१ फेब्रुवारी २०१० रोजी व्हाइट हाउसने लग्न मोडलं. तोवर अंदाज पंधरा अब्जांच्या घरात पोचला होता आणि मूळ मालिकेतला एकही उपग्रह उडालेला नव्हता. दुपारची कक्षा नोआ आणि नासाकडे, पहाटेची कक्षा लष्कराकडे. नागरी बाजूचा जेपीएसएस कार्यक्रम उभा राहिला: २०१७ आणि २०२२ मध्ये त्यांचे उपग्रह उडाले, आजही काम करताहेत. लष्कराने आपला वेगळा प्रकल्प सुरू केला आणि २०१२ च्या सुरुवातीला तो रद्दही झाला. त्यांचा नवा डब्ल्यूएसएफ-एम उपग्रह वर गेला तो एप्रिल २०२४ मध्ये. एकत्र येण्याच्या आदेशानंतर तीस वर्षांनी.

आपल्याकडे म्हणतात, बारभाईची खेती, काय लागेल हाती. मला वाटतं लष्करी आणि नागरी संस्थांनी एकमेकांना माहिती द्यावी, उपकरणं द्यावीत, माणसं द्यावीत. पण एकाच यानाला दोन मालक करू नयेत. तुमचं मत वाचायला आवडेल.

खगोलवेडी

सांजवाराताई, त्या फोटोने मलाही इतकी वर्षं फसवलं. एक शंका. ढग तर ढगच. लष्कराला पहाटेची कक्षा हवी आणि नोआला दुपारची, असं का? दोघांनी एक वेळ ठरवून घेतली असती तर?

सांजवारा

हा प्रश्न विचारलात म्हणून बरं वाटलं, कारण सगळी गंमत इथेच आहे. हे उपग्रह सूर्याशी जुळवून घेतलेल्या कक्षेत फिरतात. म्हणजे विषुववृत्त ओलांडताना खाली स्थानिक घड्याळात दर वेळी तीच वेळ असते. डीएमएसपीची पहाटे साडेपाचच्या सुमाराची, नोआची दुपारी दीडची. मधली सकाळी साडेनऊची युरोपने घेतली.

वैमानिकाला दिवस उजाडताना त्या दिवसाचे ढग बघायचे असतात, विमानं पाठवायची की नाही ते तेव्हा ठरतं. नागरी अंदाजवाल्याला हवेच्या प्रत्येक थराचं तापमान आणि बाष्प मोजून संगणकाला द्यायचं असतं, त्याला दुपार सोयीची. शिवाय नासाचा ॲक्वा उपग्रह २००२ पासून जवळजवळ वीस वर्षं दुपारी दीडलाच मोजत होता. ती नोंद अखंड ठेवायची तर वेळही तीच ठेवावी लागते, नाहीतर तापमान वाढलं की फक्त घड्याळ बदललं हे सांगता येत नाही.

एनपीओईएसएसने यावर काढलेला तोडगा असा: वेळा वेगळ्या ठेवा, पण उपग्रहाचा सांगाडा आणि उपकरणं सगळ्यांसाठी सारखी. त्यामुळे प्रत्येक उपकरणाला सगळ्यांच्या सगळ्या अटी पाळाव्या लागल्या. व्हिअर्स हा मुख्य कॅमेरा घ्या. लष्कराला रात्रीच्या अंधारात ढग हवेत. नोआला समुद्राच्या पाण्याचं तापमान हवं. संशोधकांना समुद्राच्या रंगातला बारीक फरक हवा, म्हणजे शेवाळ कळतं. एका नळीतून हे सगळं, बावीस पट्ट्यांमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या आणि उष्णतेच्या बावीस वेगवेगळ्या तरंगांमध्ये. त्या एका कॅमेऱ्याने सगळ्या प्रकल्पाचं वेळापत्रक ओढून धरलं.

पेठेतला

लेख उत्तम. पण बारभाईंवर अन्याय झाला ताई. १७७४ साली ते मंडळ उभं राहिलं ते राघोबादादाला रोखायला आणि तान्ह्या सवाई माधवरावाची गादी राखायला. इंग्रजांशी लढून १७८२ चा सालबाईचा तह झाला, राघोबा बाजूला झाला. काम फत्ते झालं की.

सांजवारा

मान्य. पण तुम्हीच सांगा, ते कसं फत्ते झालं? सखाराम बापू मागे पडले आणि सूत्रं नाना फडणवीसांच्या हाती आली. पुढे महादजी आणि नाना यांचं पटलं नाही तरी उत्तरेचं काय आणि पुण्याचं काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. एनपीओईएसएसला नाना मिळालाच नाही.

पेठेतला

हे पटलं. म्हण मागे घेऊ नका मग.

जुना_वाचक

याच दुखण्याचा थोरला भाऊ म्हणजे स्पेस शटल. मी तरुणपणी त्यावर मिळेल ते वाचून काढलं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

अपोलोनंतर नासाला शटल हवं होतं आणि सरकार पैसे द्यायला तयार नव्हतं. शटल परवडतं हे गणित तेव्हाच जुळत होतं, जेव्हा देशातले सगळे उपग्रह, लष्कराचेसुद्धा, त्यातूनच जातील. म्हणून नासा हवाई दलाच्या दारी गेली. हवाई दलाने विकासाला पैसे दिले नाहीत, अटी दिल्या. मालाचा कप्पा ६० फूट लांब आणि १५ फूट रुंद. आणि दुसरी अट त्याहून जड: कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून ध्रुवीय कक्षेत जायचं, एकच फेरी मारायची आणि त्याच तळावर उतरायचं.

आता बघा, एक फेरी दीड तासाची. तेवढ्या वेळात पृथ्वी साडेबावीस अंश फिरते, म्हणजे तुमचा तळ सुमारे दोन हजार किलोमीटर पूर्वेला सरकलेला असतो. तेवढं आडवं तरंगत जायचं तर लहान सरळ पंख पुरत नाहीत. नासाचे मॅक्स फॅजे सरळ पंखांचं छोटं शटल मांडत होते, ते मागे पडलं आणि त्रिकोणी पंख आले. पंख मोठे, वजन जास्त, तापणारा पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णतारोधक फरशाही जास्त. एकेक फरशी वेगळ्या आकाराची, हाताने चिकटवायची. हजारोंच्या संख्येने. ५ जानेवारी १९७२ ला निक्सननी मंजुरी दिली ती या शटलला.

आणि ते एका फेरीचं उड्डाण? एकदाही झालं नाही. व्हँडेनबर्गच्या सहा नंबरच्या तळावर अब्जावधी डॉलर ओतले, १९८६ मध्ये तिथून पहिलं शटल जायचं होतं, रॉबर्ट क्रिपन कमांडर. जानेवारीत चॅलेंजर हे शटल कोसळलं, तो तळ शटलसाठी कधीच वापरला गेला नाही, आणि हवाई दल आपल्या जुन्या पद्धतीच्या रॉकेटांकडे परतलं. शटलला मात्र ते पंख २०११ पर्यंत, १३५ उड्डाणं, वागवावे लागले.

एक गोष्ट मनातून जात नाही. फक्त लष्करासाठीचं पहिलं शटल उड्डाण २४ जानेवारी १९८५ ला झालं. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली होती. शटलला वर ढकलून परत आणलेल्या बूस्टर रॉकेटांच्या सांध्यांमध्ये रबरी कड्यांच्या पलीकडे काळी काजळी सापडली, तोवरच्या कुठल्याही उड्डाणापेक्षा जास्त. त्या उड्डाणात अंतराळवीर एलिसन ओनिझुका होते. वर्षभराने, तशाच थंडीत, त्याच रबरी कड्यांनी दगा दिला तेव्हा ते चॅलेंजरमध्ये होते.

खगोलवेडी

जुना_वाचक काका, शेवटचं वाचून थांबले दोन मिनिटं.

तांत्रिकी

मी थोडा विरोधी सूर लावतो. सगळं खापर 'दोन मालकां'वर फोडणं मला पटत नाही. जेम्स वेब दुर्बीण घ्या. निर्णय घेणारी संस्था एक, नासा. युरोप आणि कॅनडा भागीदार होते, पण खुर्ची एकच. तरी खर्च दहा अब्जांच्या आसपास गेला आणि उड्डाण वर्षानुवर्षं पुढे ढकलत डिसेंबर २०२१ ला झालं. अवघड यंत्र अवघडच असतं. व्हिअर्सचं दुखणं तंत्राचं होतं, खुर्चीचं नव्हतं.

आणि मालक एक असूनही चूक होतेच. एनपीओईएसएसच्या आधीच्या नागरी मालिकेतला शेवटचा उपग्रह सप्टेंबर २००३ मध्ये कारखान्यातच जमिनीवर पडला. आडवा करायच्या गाडीवर तो ठेवला होता, आणि त्या गाडीच्या पट्टीचे २४ बोल्ट आधीच कोणीतरी काढून नेले होते. नोंद नाही, तपासणी नाही. गाडी कलली आणि उपग्रह धाडकन खाली. दुरुस्त होऊन तो २००९ मध्ये उडाला. इथे कुठे होते दोन मालक?

सांजवारा

तांत्रिकी, मुद्दा रास्त आहे आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. व्हिअर्स अवघड होताच. उडाल्यानंतरही त्याच्या आरशांच्या लेपात टंगस्टन राहिल्याचं कळलं आणि काही पट्ट्यांमध्ये तो हळूहळू मंद झाला.

पण वेब अडकली तेव्हा कोणाला तरी ठरवता आलं: थांबायचं, पैसे वाढवायचे आणि पुढे जायचं. एनपीओईएसएसमध्ये व्हिअर्स अडला तेव्हा प्रत्येक संस्थेसमोरचा प्रश्न वेगळा होता. नोआचे जुने उपग्रह संपत आले होते (तुम्ही सांगितलेला पडलेला धरून), त्यांना घाई. लष्कराकडे बांधून ठेवलेले डीएमएसपी गोदामात होते, त्यांना घाई नाही. अर्धे पैसे ज्याचे, त्याला घाई नसेल तर दुसऱ्याने काय करायचं? तंत्र अवघड होतं म्हणून उशीर झाला. मालक दोन होते म्हणून त्या उशिरावर उपाय निघाला नाही. २००९ मध्ये थॉमस यंग यांच्या स्वतंत्र तपासणी समितीने हेच बजावलं की हा प्रकल्प आहे तसा यशस्वी व्हायची शक्यता कमी आहे.

मेरीलँडहून

नेहमी वाचतो, आज लिहितो. मी इकडे या क्षेत्रात कंत्राटी कामावर आहे. प्रकल्पाचं नाव घेत नाही, एनपीओईएसएस नव्हता, पण तसाच दोन खात्यांचा होता. एका साध्या केबलच्या चाचणीचा अहवाल मी तीन नमुन्यांत भरला आहे. एका खात्याला तापमान सेल्सिअसमध्ये, दुसऱ्याला त्यांच्या जुन्या तक्त्याप्रमाणे, आणि तिसरा नमुना पहिले दोन जुळतात हे दाखवायला. एके दिवशी पहिल्या दोनांत एका दशांशाचा फरक निघाला. केबल ठणठणीत होती. तरी नऊ दिवस काम बंद, कारण तो फरक चालेल असं म्हणायचा अधिकार कोणाचा, हेच ठरेना. शेवटी दोन्हीकडच्या दोन मुली, दोघी तिशीच्या आतल्या, जेवणाच्या सुट्टीत बसल्या आणि त्यांनी तक्ता जुळवला. माणसं चांगली असतात हो. लष्करी बाजूचीही. त्यांना एकमेकांशी बोलू दिलं तर काम होतं.

सांजवारा

दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. नऊ दिवस.

दर्यावर्दी

मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्या वाडीवरून गेलं. सुपारीची झाडं मधोमध मोडून पडली, आजोबांच्या हातची. पण माणसं वाचली, कारण दोन दिवस आधीपासून सांगत होते, दवंडी देत होते, पक्क्या घरांत हलवत होते. तेव्हापासून मी वादळाचे फोटो बघायला शिकलो. एवढंच विचारायचं आहे: हे जे अमेरिकेचं भांडण, त्याचा आमच्या वादळाशी संबंध येतो का?

सांजवारा

येतो. आपली मुख्य नजर इन्सॅटची, ती कायम भारतावरच रोखलेली असते. पण ती वरून वादळाच्या माथ्यावरचे ढग बघते. त्या पांढऱ्या चादरीखाली डोळा तयार होतोय का, भिंत पुरी गोल झाली आहे का, हे ढगांतून आरपार बघणारी सूक्ष्मलहरी उपकरणं सांगतात, आणि ती असतात ध्रुवीय उपग्रहांवर. वादळ रात्रीत अचानक जोर धरतं तेव्हा पहिली खूण बहुतेक वेळा तिथेच मिळते. डीएमएसपीवर असं उपकरण आहे आणि जगभरचे वादळ अंदाजवाले त्याच्या प्रतिमा बघतात. एनपीओईएसएसवर त्याहून मोठं उपकरण बसायचं होतं. २००६ च्या कात्रीत ते गेलं.

आणि जून २०२५ ची गोष्ट. डीएमएसपीची ही माहिती नागरी वापरासाठी महिनाअखेरीस बंद होणार, असं काही दिवस आधी जाहीर झालं. अटलांटिकचा वादळी हंगाम नुकताच सुरू झालेला. ओरड झाली, मुदत महिनाभर वाढली, आणि मग सप्टेंबर २०२६ पर्यंत चालू ठेवू असं सांगितलं गेलं. हे उपग्रह लष्कराचे, नळ त्यांच्या हातात. म्हणून मी मालकीचा विषय इतका धरून बसले आहे. देणाऱ्याने दिलं हे चांगलंच, पण किती दिवस देणार हे लिहून घेतलेलं असावं.

दर्यावर्दी

कळलं ताई. म्हणजे नळ कोणाचा हे आधी विचारायचं.

खगोलवेडी

माझ्या आवडत्या विषयातलं एक चांगलं उदाहरण जोडते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या हेर उपग्रह संस्थेने नासाला दोन दुर्बिणी देऊन टाकल्या. वापरात न आलेल्या, आरसा २.४ मीटरचा, म्हणजे हबलएवढाच. त्यातली एक रोमन दुर्बिणीत बसली, नॅन्सी ग्रेस रोमन यांच्या नावाची. हबलइतकंच बारीक, पण एका वेळी शंभरपट आकाश. हेरांनी जमीन बघायला घडवलेला आरसा आता आकाशगंगा बघणार, यानेच मला भरून येतं. आणि तुमच्या मुद्द्याला धरून: तो आरसा दिला तेव्हा पूर्ण दिला. पुढचे सगळे निर्णय नासाचे.

तांत्रिकी

हे उदाहरण मला पटलं. आपल्याकडचा एमिसॅटही जवळपास असाच म्हणता येईल. १ एप्रिल २०१९, पीएसएलव्ही-सी४५. उपग्रहाचा सांगाडा इस्रोचा, ४३६ किलोचा, आतलं रडार ओळखणारं उपकरण डीआरडीओचं. नौदलाचा जीसॅट-७ तर सरळ नौदलासाठी म्हणून इस्रोने बांधला, २०१३ मध्ये उडाला. एकाने मागायचं, दुसऱ्याने बांधायचं. गगनयानमध्येही वैमानिक हवाई दलाचे, समुद्रातून कुपी उचलायचं काम नौदलाचं, यान इस्रोचं. ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत पाण्यात बुडी मारणाऱ्या नौदलाच्या जवानांनी पालथी झालेली कुपी बंगालच्या उपसागरातून बाहेर काढली होती.

जुना_वाचक

आणि एनपीओईएसएसमधून काहीच निघालं नाही असंही नको म्हणायला. सुओमी उपग्रहाबद्दल लिहा ना.

सांजवारा

लिहायचं राहिलंच. मोठी मालिका उडण्याआधी उपकरणं तपासायला नासाने एक उपग्रह बांधला होता. नाटकाआधीची रंगीत तालीम. तो २८ ऑक्टोबर २०११ ला उडाला, आणि मूळ नाटक रद्द झाल्यामुळे तालमीलाच प्रयोग करावा लागला. पुढे त्याला सुओमी एनपीपी नाव मिळालं. त्यावरचा व्हिअर्स, इतक्या भांडणांतून निघालेला, इतका तल्लख निघाला की अमावस्येच्या रात्री, चंद्र नसताना, हवेतूनच निघणाऱ्या अंधुक प्रकाशात त्याला ढग दिसले. बांधणाऱ्यांनाही ते अपेक्षित नव्हतं. १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचं, ऐन दिवाळीतलं, भारताचं खरं चित्र त्यानेच काढलं. रंगीबेरंगी नाही, काळं-करडं, दिव्यांचं जाळं. यंदा मावशीला मी ते पाठवलं.

वैरागडचा

व्हिअर्स नाव वाचून थांबलो. माझा भाऊ गडचिरोलीत वनरक्षक आहे. उन्हाळ्यात त्याच्या मोबाइलवर आगीचे संदेश येतात, त्यात एसएनपीपी-व्हिअर्स असं लिहिलेलं असतं. आम्हाला वाटायचं एखाद्या कंपनीचं नाव असेल. हा तोच का?

सांजवारा

तोच! भारतीय वन सर्वेक्षण त्याच उपग्रहाच्या माहितीवरून आगीचे इशारे पाठवतं. एक ठिपका म्हणजे जमिनीवर ३७५ मीटरचा चौकोन. भावाला एक विचाराल का, संदेश साधारण किती वाजता येतात?

वैरागडचा

विचारलं. मोहफुलं वेचायला लोक झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, मग तेंदूपत्त्याच्या आधी पुन्हा, त्यामुळे मार्च ते मे त्याला झोप नसते. संदेशात बीट (एका वनरक्षकाकडचा जंगलाचा भाग), कक्ष क्रमांक, अक्षांश-रेखांश असतात. तो म्हणाला, एक खेप दुपारी येते, दोन-तीनच्या पुढे, आणि एक रात्री उशिरा. मधल्या वेळेत आग लागली तर कळत नाही, म्हणून सकाळी तो स्वतः टेकडीवर चढून धूर बघतो, आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, आधीच झाडून ठेवतो. ब्लोअर एकच आहे, तो दोन बीटांत फिरतो.

सांजवारा

दुपारी दीडची फेरी, रात्री दीडची फेरी. वर खगोलवेडीने विचारलं होतं ना, वेळ का महत्त्वाची. त्याला सांगा, त्याच वाटेवरून थोड्या अंतराने नोआचे आणखी दोन उपग्रह जातात, त्यामुळे दुपारी दीडच्या आसपास एकाहून जास्त वेळा नजर पडते. सकाळी मात्र व्हिअर्सची नजर नसते. नासाचा जुना टेरा उपग्रह आहे, पूर्वी साडेदहाला जायचा, आता त्याची वेळ आधी सरकली आहे. त्याचा ठिपका एक किलोमीटरचा, आणि तो आता थकला आहे. सकाळची टेकडी त्याने सोडू नये.

वैरागडचा

सांगतो. तो विचारतोय, रात्रीचा संदेश आला की ती आगच असते, की गावातला दिवाही असू शकतो?

सांजवारा

आगच. दिवे बघणारी पट्टी वेगळी, आगीची पट्टी उष्णता बघते. पण वीटभट्टी असेल तर तीही दिसेल. त्याच्या बीटात भट्टी कुठे आहे त्याचे अक्षांश-रेखांश एकदा लिहून ठेवले की तो ठिपका वगळता येईल.